कबालाचा अभ्यास कोठून सुरू करावा: नवागतांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कबाला हा यहुदी धर्मपरंपरेतील गूढविचाराचा प्रवाह आहे, परंतु त्याविषयी कुतूहल असलेल्या मराठी वाचकाची पहिली गाठ बहुधा मनगटावरच्या लाल दोऱ्याशी, नावाच्या अक्षरांवरून भविष्य सांगणाऱ्या चित्रफितीशी किंवा ‘विश्वाची गुपिते’ उलगडून देण्याचे आश्वासन देणाऱ्या एखाद्या महागड्या शिबिराशी पडते. त्यातून मनात येणारे प्रश्न मात्र अगदी खरे असतात: याने माझ्या स्वभावात काही फरक पडेल का, त्यासाठी धर्म बदलावा लागतो का, संसारात राहून हे जमते का, आणि सुरुवात नेमकी कोठून करायची. या प्रश्नांना उत्तरे देता देता अभ्यासाचा एक क्रम सुचवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तो क्रम लावताना मी एक गोष्ट पक्की धरली आहे: झोहर हा ग्रंथ कितीही प्रसिद्ध असला तरी नवख्याने त्याला सर्वांत शेवटी हात घालावा, आणि माणसाच्या रोजच्या वागण्याविषयी या परंपरेने जे सांगितले आहे ते आधी वाचून, करून पाहावे.

पहिली पायरी: ही परंपरा कोणाची, कोठली, ते समजून घ्यावे

कबाला ही हवेत तरंगणारी, कोणाचीच नसलेली विद्या नव्हे. हिब्रू बायबल, तल्मूद म्हणजे रब्बींच्या म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांचा मोठा संग्रह, रोजची प्रार्थना, शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा पवित्र दिवस, आणि 613 मित्झ्वोत म्हणजे आज्ञा यांच्या चौकटीत ती वाढली, आणि ती चौकट काढून घेतली की तिच्यातील बहुतेक वाक्ये अधांतरी राहतात. ‘सेफेर येत्सिरा’ या छोट्या, जुन्या ग्रंथात दहा सेफिरोत (त्यांची ओळख दुसऱ्या पायरीत येते) आणि हिब्रू वर्णमालेतील 22 अक्षरे मिळून प्रज्ञेचे 32 मार्ग सांगितले आहेत. बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात ‘सेफेर हा-बाहिर’ पुढे आला, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील कास्तील प्रांतात झोहरची हस्तलिखिते फिरू लागली. श्रद्धावंत परंपरा झोहरचे कर्तेपण दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाय यांच्याकडे देते; गेर्शोम शोलेम (1897–1982) आणि त्यांच्यानंतरचे संशोधक मात्र मोशे दे लेओन (मृत्यू 1305) आणि त्यांच्या वर्तुळाकडे बोट दाखवतात. पुराणांच्या काळाविषयी श्रद्धा आणि संशोधन यांच्यातील असे अंतर आपल्या वाचकाला नवे नाही, तेव्हा दोन्ही मते ठाऊक ठेवून पुढे जावे. या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

1492 मध्ये स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाली आणि पुढच्या काही दशकांत आजच्या इस्रायलमधील गालिल प्रदेशातील सफेद हे डोंगरावरचे गाव या विचाराचे केंद्र बनले. तेथे मोशे कॉर्दोव्हेरो (1522–1570) यांनी आधीच्या सर्व मतांची शिस्तशीर मांडणी केली. त्यांच्या निधनाच्या वर्षीच इसाक लुरिया (1534–1572) तेथे पोहोचले आणि अवघ्या दोन वर्षांत, स्वतः फारसे काही न लिहिता, कबालाची दिशा बदलून गेले. त्यांची शिकवण मुख्यतः त्यांचे शिष्य हाईम व्हिताल यांच्या लेखनातून आपल्यापर्यंत आली. ती थोडक्यात अशी: एन सोफ म्हणजे अनंत ईश्वराने सृष्टीला जागा व्हावी म्हणून स्वतःला आक्रसून घेतले, मग आलेला प्रकाश धरून ठेवणारी पात्रे फुटली आणि ठिणग्या सर्वत्र विखुरल्या, त्या उचलून पुन्हा जागी नेण्याचे काम, ज्याला तिक्कुन म्हणतात, ते माणसाकडे आले. रोजचे जेवण, व्यवहार आणि बोलणे यांना कबालात एवढे वजन का आहे, याचे उत्तर या कथेत आहे, कारण ठिणग्या पडल्या आहेत त्या याच गोष्टींत.

‘चाळिशी उलटल्याशिवाय कबाला वाचू नये’ असे पुष्कळांनी ऐकलेले असते. त्यामागे एक ठोस इतिहास आहे. 1665 मध्ये शब्बताई त्स्वी याला मशीहा म्हणजे ईश्वराने पाठवलेला तारणहार म्हणून घोषित करण्यात आले, यहुदी जगात उत्साहाची लाट उसळली, आणि 1666 मध्ये ऑटोमन सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारला. या धक्क्यातून आणि त्यानंतर निघालेल्या पंथांमुळे रब्बी सावध झाले; 1756 मध्ये पूर्व युरोपातील ब्रोडी येथील रब्बींच्या निर्णयाने झोहरसाठी तीस आणि लुरियांच्या शिकवणीसाठी चाळीस वर्षांची मर्यादा घातली. म्हणजे हा नियम वयाच्या एखाद्या गूढ गणिताचा नसून, पोळलेल्या समाजाने घेतलेल्या खबरदारीचा आहे. आजच्या वाचकाने त्यातले मर्म घ्यावे: आचरणाचा आणि मूळ धर्मग्रंथांचा पाया असल्याशिवाय थेट गूढात शिरू नये.

मराठीशी या विषयाचा जो खरा संबंध आहे, तो येथेच सांगून टाकतो. कोकणातील बेने इस्रायल समाजाची मातृभाषा मराठी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या धर्मजीवनात शब्बाथ, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि एलियाहू हानावी म्हणजे एलिया संदेष्टा याच्या नावाने होणारा मलिदा हा गोड पोह्यांचा विधी यांना मोठे स्थान आहे. कबालाचे ग्रंथाध्ययन हा त्यांचा मुख्य वारसा नव्हे आणि तो त्यांच्यावर लादूही नये. बगदादहून मुंबई-पुण्यात आलेल्या यहुद्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात झोहरमधील ‘इद्रा झुटा’ या भागाचा यहुदी-अरबी अनुवाद छापला गेला, आणि असे लेखन सर्वांच्या हाती द्यावे की नाही यावरून त्या समाजात वादही झाला.

दुसरी पायरी: दहा सेफिरोतची ओळख करून घ्यावी, पण घाईने तुलना करू नये

एन सोफ स्वतः वर्णनापलीकडचा आहे. तो ज्या दहा रूपांनी व्यक्त होतो त्यांना सेफिरोत म्हणतात. त्यांची नावे क्रमाने पाठ करावीत, कारण पुढचे सर्व काही त्यांच्यावर उभे आहे: केतेर म्हणजे मुकुट, होख्मा म्हणजे प्रज्ञा, बीना म्हणजे समज, हेसेद म्हणजे प्रेमळ औदार्य, गेवुरा म्हणजे बळ आणि आवर, तिफेरेत म्हणजे या दोहोंचा सुंदर मेळ, नेत्साह म्हणजे टिकून राहणे, होद म्हणजे तेज आणि त्याबरोबर येणारी नम्रता, येसोद म्हणजे पाया, आणि मालखुत म्हणजे राज्य, जेथे वरचे सर्व काही या जगात उतरते. चित्रात ती तीन उभ्या रांगांत मांडतात. उजवीकडे हेसेदची, डावीकडे गेवुराची आणि मध्ये समतोलाची रांग असते.

‘म्हणजे ही आपली चक्रेच ना?’ हा प्रश्न येथे हमखास येतो. साम्य दिसते हे खरे आहे. कबालातही हेसेदला उजवा हात, गेवुराला डावा हात, तिफेरेतला धड असे अवयव जोडलेले आहेत. परंतु योगशास्त्रातील चक्रे साधकाच्या देहातील स्थाने आहेत, तर सेफिरोत प्रथमतः ईश्वराच्या प्रकटीकरणाची रूपे आहेत आणि माणसाचा देह हे त्यांचे प्रतिबिंब मानले जाते. शिवाय त्यांना ‘जागृत’ करण्याची कल्पना मूळ ग्रंथांत मध्यवर्ती नाही; मध्यवर्ती आहे ती त्यांच्यातील परस्परसंबंधांची दुरुस्ती, आणि ती आज्ञापालनाने व हेतूच्या शुद्धीने होते असे मानले जाते. तेव्हा निदान वर्षभर तरी तुलनेचा मोह आवरावा. दोन्ही परंपरा अर्धवट ठाऊक असताना केलेली तुलना दोघींनाही सपाट करून टाकते.

या पायरीवर फार रेंगाळू नये. नावे, अर्थ आणि चित्रातील जागा लक्षात आल्या की पुरे. चार विश्वे, आत्म्याचे पाच स्तर, अक्षरांचे अंकमूल्य हे सर्व नंतर आपोआप भेटते, आणि अंकमूल्यांच्या खेळात सुरुवातीलाच रमलेला वाचक बहुधा तेथेच अडकून राहतो.

तिसरी पायरी: ‘तोमेर देव्होरा’ हळूहळू वाचावा

कॉर्दोव्हेरो यांनी सेफिरोतवर अवघड, विस्तृत ग्रंथ लिहिले, पण नवागतासाठी त्यांचे ‘तोमेर देव्होरा’ हे लहानसे पुस्तक अधिक मोलाचे आहे. दहा प्रकरणांच्या या पुस्तकाचा प्रश्न सरळ आहे: माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडला आहे असे म्हणतात, तर मग त्याने ईश्वरासारखे वागायचे म्हणजे नक्की काय करायचे? उत्तरादाखल सेफिरोत एकेक करून वागणुकीत उतरवल्या आहेत. मूळ हिब्रू आणि इंग्रजी अनुवाद सेफारिया या विनामूल्य ऑनलाइन ग्रंथालयात वाचता येतो, त्यामुळे पैसे खर्च करण्याचा प्रश्नच येत नाही.

पहिले प्रकरण हिब्रू बायबलमधील मीखा संदेष्ट्याच्या शेवटच्या वचनांवरून दयेचे तेरा गुण सांगते, आणि त्यातील पहिलाच गुण वाचकाला थांबवतो. कॉर्दोव्हेरो म्हणतात की माणूस पाप करीत असतो त्या क्षणीही त्याच्या हातापायांत बळ येते ते ईश्वराकडूनच. ईश्वराला तो हात तेथल्या तेथे लुळा करता आला असता, पण तो अपमान सोसतो आणि बळ देणे थांबवत नाही. माणसाने हाच गुण घ्यावा: ज्याने आपला अपमान केला त्याला मिळणारे आपले साहाय्य त्या अपमानापायी तोडू नये. हे वाक्य वाचायला गोड आहे. परंतु ज्या सहकाऱ्याने बैठकीत सर्वांसमोर आपले म्हणणे खोडून काढले, त्यानेच दुसऱ्या दिवशी एका तक्त्यातील सूत्र समजावून मागितले, तर ‘आत्ता जरा कामात आहे’ हे शब्द ओठांवर किती चटकन येतात ते पाहावे. कबालाचा अभ्यास सुरू होतो तो अशा जागी.

दुसरे प्रकरण केतेरचे, म्हणजे सर्वांत उंच सेफिरेचे आहे. वाचकाची अपेक्षा असते की येथे काहीतरी अतींद्रिय असेल, आणि हाती पडते ते चेहऱ्याचे वर्णन: कपाळावर आठी नसावी, कान वाईट बातमीकडे नव्हे तर चांगल्याकडे वळलेले असावेत, डोळ्यांनी दुसऱ्याचे दुःख टाळू नये, नाकातून रागाचा श्वास निघू नये, चेहरा सर्वांसाठी उजळ असावा, तोंडून कोणाविषयी वाईट निघू नये. तिसऱ्या प्रकरणात होख्माच्या संदर्भात सर्व जिवांवर दया सांगितली आहे; गरजेवाचून रोपही उपटू नये, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. पाचवे, हेसेदचे प्रकरण तर जवळजवळ कामांची यादीच आहे: नवजात बाळाची काळजी, आजाऱ्याची विचारपूस, गरिबाला मदत, पाहुण्याचे आतिथ्य, मृताची सेवा, वधूला मांडवात नेणे, भांडलेल्यांत समेट घडवणे. आध्यात्मिक वाढ म्हणजे काय, या प्रश्नाचे यापेक्षा स्वच्छ उत्तर मला या परंपरेत दुसरीकडे सापडलेले नाही.

वाचण्याची रीत अशी ठेवावी: एका आठवड्यात एकच गुण किंवा एकच परिच्छेद घ्यावा, तो दोनदा वाचावा, आणि त्या आठवड्यात तो कोणत्या एका माणसाच्या बाबतीत पाळायचा हे त्या माणसाचे नाव घेऊन ठरवावे. नाव न ठरवता केलेला निश्चय टिकत नाही, कारण ‘सर्वांशी प्रेमाने वागेन’ या निश्चयातून ज्याच्याशी खरोखर बिनसलेले आहे तोच नेमका निसटतो.

चौथी पायरी: दिवसाच्या दोन टोकांना थांबावे

लुरियांच्या प्रभावाखाली सकाळच्या प्रार्थनेपूर्वी एक छोटे वाक्य म्हणण्याची प्रथा पडली: ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम कर’ ही आज्ञा मी स्वतःवर घेत आहे. आज्ञा हिब्रू बायबलमधील लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आहे. तिची जागा लक्षात घेण्यासारखी आहे, कारण ईश्वराशी बोलण्याआधी माणसांशी असलेले नाते ठीक केल्याशिवाय प्रार्थना पुढे जात नाही, असा त्यामागचा भाव आहे. रात्री झोपण्यापूर्वीच्या शेमाबरोबर क्षमेचे एक वचन म्हटले जाते. त्यात म्हणणारा सांगतो की ज्याने मला राग आणला, माझ्या देहाचे, मालमत्तेचे किंवा मानाचे नुकसान केले, मग ते जाणूनबुजून असो वा नकळत, बोलण्याने असो वा कृतीने, या जन्मात असो वा दुसऱ्या, त्या प्रत्येकाला मी क्षमा करतो आणि माझ्यामुळे कोणालाही शिक्षा होऊ नये.

यहुदी नसलेल्या वाचकाला हा क्रम स्वतःच्या शब्दांत सहज पाळता येतो. सकाळी, मोबाइल हातात घेण्यापूर्वी, आज ज्याच्याशी बोलणे जड जाणार आहे त्याचे नाव मनात आणावे. रात्री दिवसाचा हिशेब करावा, ज्याला यहुदी परंपरेत हेश्बोन हानेफेश म्हणजे आत्म्याचा हिशेब म्हणतात: कोठे घेतले, कोठे दिले, कोठे देतो आहे असे दाखवून प्रत्यक्षात घेतले. दोन-तीन ओळी वहीत लिहिल्या तरी चालेल. पान भरण्याची गरज नाही. स्वतःची निर्भर्त्सना मात्र त्यात असू नये. क्षमेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: मारहाण किंवा छळ होत असेल तेथे क्षमेचे हे वचन सहन करीत राहण्याचा आदेश ठरत नाही, तेथे प्रथम सुरक्षित होणे आणि मदत घेणे हेच कर्तव्य आहे.

दोन-तीन आठवड्यांनी तक्रार येते ती अशी: सर्व पाळले तरी द्वेषाचे, हव्यासाचे विचार येतच राहतात, म्हणजे आपली काहीच प्रगती नाही. रब्बी श्नेउर झाल्मान (1745–1812) यांनी 1796 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘तान्या’ या ग्रंथाचा मोठा भाग याच माणसासाठी आहे. ते त्याला बेनोनी, म्हणजे मधला माणूस म्हणतात. त्याच्या मनातील ओढ संपलेली नसते, कदाचित कधीच संपणार नसते. परंतु विचार, वाणी आणि कृती या तीन वस्त्रांवर तो तिला ताबा मिळवू देत नाही. नको तो विचार उठला म्हणून खंतावू नये, उलट त्याच्याकडून तोंड फिरवण्याची संधी मिळाली म्हणून आनंद मानावा, असे ते लिहितात. त्यामुळे प्रगती मोजायची असेल तर राग येतो का हे पाहू नये. आलेला राग किती वेळ टिकतो आणि त्यातून किती शब्द बाहेर पडतात ते पाहावे, आणि घरातल्या माणसांना विचारावे. त्यांचे उत्तर आपल्या वहीपेक्षा विश्वासार्ह असते.

पाचवी पायरी: घेण्याची रीत तपासावी

विसाव्या शतकात रब्बी येहुदा अश्लाग (1885–1954) यांनी झोहरवर ‘सुलाम’ म्हणजे शिडी नावाचे भाष्य लिहिले आणि कबालाची मांडणी दोन इच्छांच्या भाषेत केली: घेण्याची इच्छा आणि देण्याची इच्छा. सृष्टीचा स्वभाव घेण्याचा आहे, ईश्वराचा देण्याचा. मग घेणे सोडून द्यायचे का? अश्लाग नाही म्हणतात, आणि पाहुण्या-यजमानाचा दाखला देतात. भुकेला पाहुणा वाढलेले ताट लाजेपोटी नाकारतो. यजमान आग्रह करतो, मी हे तुझ्यासाठीच केले, तू खाल्ले नाहीस तर मला वाईट वाटेल. अखेर पाहुणा यजमानाच्या समाधानासाठी जेवतो. अन्न तेच, भूक तीच, पण घेण्याचेच आता देणे झाले. पंगतीतल्या आग्रहात वाढलेल्या मराठी माणसाला हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

रोजच्या सरावात याची दोन टोके येतात. काही माणसांना घेताच येत नाही: कोणी मदत देऊ केली की ‘कशाला, कशाला’, कोणी कौतुक केले की ‘छे, त्यात काय’, आणि समोरच्याचा हात हवेत राहतो. अशा वाचकाने दिवसातून एकदा, समोरच्याला देण्याचा आनंद मिळावा म्हणून, निमूटपणे घ्यावे. दुसरी माणसे सतत देतात, पण त्या देण्याची नोंद मनात पक्की असते आणि वेळ आली की ती बाहेर निघते. त्यांनी आठवड्यातून एक गोष्ट अशी द्यावी जिचा उल्लेख ती मिळालेल्या माणसाजवळ किंवा तिसऱ्याजवळही पुन्हा कधी होणार नाही. दुसरा सराव दिसतो त्याहून पुष्कळ अवघड आहे.

संसार सोडण्याचा प्रश्नही येथेच सुटतो. कबालात संन्यासाश्रम नाही. लुरिया स्वतः व्यापार करीत आणि कुटुंबवत्सल होते. सफेदचे रब्बी योसेफ कारो हे गूढानुभूती असलेले गृहस्थ, पण त्यांचे नाव आजही निघते ते यहुदी आचारसंहितेच्या ‘शुल्हान आरूख’ या ग्रंथासाठी. ठिणग्या ताटात, दुकानात आणि बोलण्यात असतील, तर तेथून निघून जाऊन त्या कशा उचलणार?

सहावी पायरी: एकोणपन्नास दिवसांची मोजणी

ज्याला ठरावीक मुदतीचा सराव हवा असेल त्याच्यासाठी या परंपरेत ओमेरची मोजणी आहे. वसंत ऋतूतील पेसाह सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओत सणापर्यंत 49 दिवस मोजले जातात. रात्र पडल्यावर उभे राहून आशीर्वचन म्हणतात आणि मग मोजतात: ‘आज आठ दिवस झाले, म्हणजे ओमेरचा एक आठवडा आणि एक दिवस.’ कबालाने या सात आठवड्यांना हेसेदपासून मालखुतपर्यंतच्या सात सेफिरोत दिल्या, आणि प्रत्येक आठवड्याच्या सात दिवसांनाही त्याच सात दिल्या, त्यामुळे प्रत्येक दिवसाच्या वाट्याला दोन गुणांची एक जोडी येते. यहुदी नसलेल्या वाचकाने आशीर्वचन म्हणू नये, कारण त्यात ही आज्ञा आम्हाला दिली असे शब्द आहेत. दिवसाची जोडी घेऊन स्वतःला तपासायला मात्र काहीच हरकत नाही.

दुसऱ्या दिवसाची जोडी आहे हेसेदमधील गेवुरा, म्हणजे औदार्यातील आवर. समजा, घरकामाला येणाऱ्या मावशींनी दोन महिन्यांचा पगार आगाऊ मागितला. हेसेद म्हणते द्यावा. त्या दिवशीचा प्रश्न पुढचा आहे: किती देणे झेपते, दरमहा किती वळते करायचे, हे देतानाच स्पष्ट आणि सन्मानाने बोललो का, की त्या वेळी ‘घ्या हो, होईल सावकाश’ म्हणून पुढचे सहा महिने मनात धुसफुसत राहिलो? आवर नसलेले औदार्य शेवटी घेणाऱ्यालाच महाग पडते. चौथ्या दिवशी हेसेदमधील नेत्साह येते: शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन दिवसांत सगळेच भेटून जातात, तिसऱ्या आठवड्यात फोन कोण करतो? पाचव्या दिवशी हेसेदमधील होद: दिलेले विसरता येते का? आठव्या दिवशी जोडी उलटते आणि गेवुरामधील हेसेद समोर येते: मुलाला गुणांवरून जे खडसावले, त्यातली माया त्याच्यापर्यंत पोहोचली का? पुढचे दिवस वाचकाने स्वतः लावावेत. तेहेतिसावा दिवस, होदमधील होद, लाग बाओमेर म्हणून साजरा होतो, आणि त्या दिवशी शिमोन बार योहाय यांच्या मेरोन येथील समाधीस्थळी मोठी यात्रा भरते.

एक दिवस चुकला तर? परंपरेत एखादा संपूर्ण दिवस मोजायचा राहिला तर पुढचे दिवस सामान्यतः आशीर्वचनाशिवाय मोजतात, पण मोजणी सोडत नाहीत. आपणही तेच करावे.

सातवी पायरी: माणसे आणि पैसा

यहुदी धर्म धर्मांतराचा आग्रह धरत नाही, आणि कबालाचे ग्रंथ वाचण्यासाठी धर्म बदलण्याची अट नाही. मात्र वाचणे वेगळे आणि त्या समाजाचे विधी उचलून आपल्या नावावर मिरवणे वेगळे. परंपरा समजून घ्यायची असेल तर जवळच्या सिनेगॉगला म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाला भेट द्यावी: पुण्याच्या कॅम्पातील ओहेल दाविद, ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, मुंबईतील 1796 मध्ये स्थापन झालेले शार हारहमीम, ठाण्यातील शार हाशामाईम. आधी परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे, पुरुषांनी डोके झाकावे, आणि शब्बाथच्या दिवशी छायाचित्रे काढण्याचा किंवा टिपणे घेण्याचा विषयही काढू नये. तेथील मंडळींकडून कबालाची गुपिते मिळतील अशी अपेक्षा न ठेवता शुक्रवार संध्याकाळचे वातावरण पाहावे.

शिकवणारा निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: तो मूळ ग्रंथ कोणत्या भाषेत वाचतो, त्याचा स्वतःचा गुरू कोण, आणि पैशाबद्दल तो काय बोलतो. वर्गाचे वाजवी शुल्क समजण्यासारखे आहे. परंतु अमुक रक्कम दिली की आजार बरा होईल, घरच्यांचा विरोध हा त्यांच्यातील काळ्या शक्तीचा परिणाम आहे, डॉक्टरांची औषधे थांबवा, असे जो कोणी सांगेल त्याच्याकडून त्याच दिवशी निघावे. ताईत आणि मंत्रसिद्धीचा ‘व्यावहारिक कबाला’ इतिहासात होता हे खरे, पण खुद्द लुरियांनी त्यापासून दूर राहण्यास सांगितले होते.

पुनर्जन्माविषयीही येथेच दोन शब्द. कबालात त्याला गिलगुल म्हणतात आणि रात्रीच्या क्षमावचनातील ‘दुसऱ्या जन्मात’ हे शब्द तेथून आले आहेत. तो सर्व यहुद्यांना मान्य आहे असे नाही. दहाव्या शतकात सादिया गाओन या यहुदी विचारवंतांनी तो साफ नाकारला होता. कबालात तो मानला जातो तो राहिलेले तिक्कुन पूर्ण करण्यासाठी, त्यामुळे मोक्षाच्या कल्पनेशी त्याची सांगड घालू नये. मागच्या जन्मी आपण कोण होतो हे सांगून पैसे घेणारा भेटला तर वरचाच नियम लावावा.

आठवी पायरी: आता झोहर

वर्षभर एवढे झाले की झोहर उघडावा. तो तोराच्या, म्हणजे हिब्रू बायबलमधील पहिल्या पाच पुस्तकांच्या, साप्ताहिक भागांवरील भाष्याच्या रूपात रचलेला आहे, त्यामुळे आधी त्या आठवड्याचा तोराचा भाग वाचल्याशिवाय झोहरचा उतारा वाचू नये. नाहीतर कोण कोणाविषयी बोलत आहे हेच कळत नाही. इंग्रजीत डॅनियल मॅट यांनी सुरू केलेला, 2004 ते 2017 या काळात बारा खंडांत पूर्ण झालेला सटीप अनुवाद आहे. त्याच्या तळटीपा मजकुराइतक्याच लक्षपूर्वक वाचाव्यात. प्रत्येक वेळी एक-दोन पानेच घ्यावीत. वाटेने चालणारे रब्बी, अचानक भेटणारा गाढववाला आणि त्याच्या तोंडून निघणारे ज्ञान, अशा गोष्टी गोष्टी म्हणूनच आधी वाचाव्यात; प्रत्येक शब्दाखालची सेफिरा शोधण्याचे काम दुसऱ्या वाचनाला ठेवावे. शक्य असेल तर एका जोडीदाराबरोबर, मोठ्याने वाचावे, कारण यहुदी अभ्यासाची जुनी रीत तीच आहे आणि न समजलेली जागा दुसऱ्यासमोर झाकता येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येणाऱ्या सिम्हात तोरा या सणाला वार्षिक वाचनाचे चक्र पूर्ण होऊन त्याच दिवशी ‘बेरेशीत’पासून म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीच्या पहिल्या भागापासून ते पुन्हा सुरू होते, झोहरचे वाचनही त्याच आठवड्यापासून धरावे, म्हणजे कोणता भाग घ्यायचा हे दर आठवड्याला ठरवत बसावे लागत नाही.